कंबरदुखी: गावचा डॉक्टर आणि शहरातला तज्ज्ञ एका फाइलवर कसे आणायचे

मराठवाड्यातल्या घरात कुणाची कंबर धरली की पहिला दिवस बाम लावण्यात आणि शेकण्यात जातो. दुसऱ्या दिवशी शेजारचं कुणीतरी सांगतं, उसण भरली असेल, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात सुई आणि सलाईन होते. आठवडाभरात उतार पडला नाही की कुणाची तरी गाडी करून लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठलं जातं. तिथे एमआरआय होतो, रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ (म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली) लिहिलेलं असतं, आणि घरात एकच बोलणं सुरू होतं: मणक्यात गॅप पडलाय, आता ऑपरेशन करावं लागणार.

या फेऱ्यांमध्ये प्रत्येक डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो. गावच्या डॉक्टरने कुठलं इंजेक्शन दिलं हे शहरातल्या डॉक्टरला माहीत नसतं. शहरातल्या तज्ज्ञाने काय ठरवलं हे गावच्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही. पैसा या फेऱ्यांत जातो, आणि एखादा खरोखरचा धोकादायक आजारही याच फटीत लपून राहतो. म्हणून या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: कंबरदुखीच्या पेशंटचा एक कायमचा डॉक्टर असावा, तो जवळचा असावा, आणि तज्ज्ञाकडे जाणं-येणं त्याच्यामार्फत, लेखी कागदावर व्हावं. हे कसं जमवायचं ते आता क्रमाने पाहू. पेशंट आणि घरची माणसं यांच्यासाठी हे आहेच, पण गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनी आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनीही वाचावं.

सगळ्यात आधी: थांबायचं नाही अशा खुणा

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या बहुतेकांच्या, साधारण दहातल्या नऊ जणांच्या, दुखण्यामागे बोट ठेवता येईल असं एक नेमकं कारण सापडत नाही, आणि ते दुखणं जीवघेणंही नसतं. उरलेल्या थोड्यांना ओळखणं हे पहिल्या डॉक्टरचं सर्वात मोठं काम. घरच्यांनाही या खुणा पाठ असाव्यात.

लघवी तुंबली, लघवी झालेली कळेना, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा आणि जांघेचा आतला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झाली: यातलं काहीही कंबरदुखीबरोबर आलं तर मणक्याच्या खालच्या टोकाला असलेला नसांचा झुपका दाबला गेलेला असू शकतो. याला तासांचा हिशोब आहे. ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्री दोन वाजता कळलं तर रात्री दोनलाच निघायचं. १०८ ला फोन करा, आणि ज्या रुग्णालयात एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं तिथेच पोचायचंय हे सुरुवातीलाच सांगा. किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यातून नांदेड शंभर किलोमीटरहून जास्त पडतं. मध्ये दोन रुग्णालयांत थांबून पुन्हा चिठ्ठी घेत बसण्याइतका वेळ इथे नसतो. ही खूण लाजेपायी लपवली जाते, विशेषतः बायका लघवीचं सांगत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांनी स्वतः, स्पष्ट शब्दांत विचारावं.

पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, पाय दिवसेंदिवस लुळा पडत चाललाय, असं असेल तर एक-दोन दिवसांत तज्ज्ञाला दाखवा. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर सुरू झालेली कंबरदुखी, वयस्कर बाईला नुसतं वाकल्यावर पाठीत बसलेली कळ, अनेक महिने स्टिरॉइड घेतलेल्या माणसाची पाठदुखी: इथे फ्रॅक्चर नाही हे आधी पाहावं लागतं, आणि त्यासाठी साधा एक्सरे गावाजवळही होतो. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला नवीन पाठदुखी सुरू झाली तर ती कॅन्सरचीच समजून तपासायची, नाही निघाली तर उत्तम.

आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. तो हळूहळू येतो. पाठीत एकाच जागी बोट दाबलं की कळ जाते, झोपल्यावरही दुखणं थांबत नाही, संध्याकाळी अंग कोमट होतं, भूक आणि वजन कमी होतं. खोकला असेलच असं नाही, त्यामुळे कुणाच्या मनात टीबी येत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्सरे स्वच्छ दिसू शकतो. अशा पेशंटला दर आठवड्याला ‘जोरदार’ इंजेक्शन मिळत राहिलं आणि त्यात स्टिरॉइड असेल, तर दुखणं तात्पुरतं दबतं आणि टीबी आत पसरत राहतो. शेवटी पाठीला कुबड येतं किंवा पाय जातात. म्हणून या खुणा असतील तर सहा आठवडे वाट पाहू नका. ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि एमआरआय लवकर करा. निदान झालं तर टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात. मणक्याच्या टीबीचे उपचार साधारण वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालतात, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये पेशंटच्या खात्यात जमा होतात.

जनावरं सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक. जनावर विताना हात घालणारा, वार हाताळणारा, न तापवलेलं दूध पिणारा माणूस चढउताराचा ताप, घाम आणि कंबरदुखी घेऊन आला तर ब्रुसेल्लाची रक्ततपासणी करावी. हा गुरांकडून आणि शेळ्यांकडून माणसाला होणारा जिवाणूचा आजार आहे, तो मणक्यात घर करतो आणि बऱ्याचदा टीबी समजला जातो. गोठ्यातलं काम डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात हे येणार नाही.

पहिला डॉक्टर निवडा आणि त्याला टिकवा

वरच्या खुणा नसतील तर गाडी करून शहर गाठण्याची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे जनरल प्रॅक्टिशनर किंवा ग्रामीण रुग्णालयातली ओपीडी यातलं एक ठिकाण पक्कं करा. निवडताना मी दोन गोष्टी बघायला सांगेन. डॉक्टर पाठ उघडी करून, पाय उचलून तपासतात का? आणि काय दिलं ते लिहून देतात का? नुसती सुई टोचून, कागद न देता पाठवणारा दवाखाना जवळ असला तरी या कामाचा नाही.

सरकारी केंद्रात डॉक्टरांची बदली होते, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे फाइल पेशंटच्या घरी असणं. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची फाइल घ्या आणि पहिल्या चिठ्ठीपासून सगळं तारखेच्या क्रमाने लावा. आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ही फाइल आहे हे माहीत असू द्या. डॉक्टर बदलले तरी हे दोघं बहुधा गावातच असतात.

पहिली तपासणी: दहा मिनिटांत होणारी

दुखणं कधी सुरू झालं, काय करताना वाढतं, कमरेतच आहे की मांडीमागून पोटरीपर्यंत उतरतं, रात्री झोपेतून उठवतं का, आधी कुठली औषधं झाली, हे सांगा. बीपी, शुगर, पित्त, किडनी, गरोदरपण यातलं काही असेल तर विचारण्याआधीच सांगा, कारण दुखण्याची गोळी त्यावर ठरते.

डॉक्टरांनी काय करावं याला यंत्र लागत नाही. पेशंटला टाचांवर चार पावलं चालायला लावायचं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर खेचायला सांगून हाताने विरोध करायचा. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा. गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके (रिफ्लेक्स) बघायचे, आणि पायावर कुठे बधिरपणा आहे ते कापसाने तपासायचं. टाचेवर चालता आलं नाही किंवा अंगठ्यात जोर नसेल तर बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी नस दाबत असते. चवड्यांवर उभं राहता येत नसेल तर त्याखालची. ही नोंद पहिल्याच दिवशी कागदावर आली पाहिजे, कारण तीन आठवड्यांनी तज्ज्ञाचा पहिला प्रश्न असतो: आधी ताकद किती होती? पहिल्या नोंदीशिवाय पाय सुधारतोय की बिघडतोय हे कुणालाच सांगता येत नाही.

तरुण मुलाचं वेगळं विचारा. वय चाळिशीच्या आतलं, दुखणं तीन महिन्यांपेक्षा जुनं, सकाळी उठल्यावर अर्धा तासाहून जास्त ताठरपणा, हालचाल केली की बरं वाटतं आणि आराम केला की वाढतं, पहाटे दुखून जाग येते: ही लक्षणं संधिवाताच्या जातीच्या मणक्याच्या आजाराची आहेत. कधी डोळा लाल होऊन दुखल्याचाही इतिहास असतो. अशा मुलांची वर्षानुवर्षं ‘गॅप’ म्हणून पट्टे बांधण्यात जातात. यांना संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचं, हाडांच्या ऑपरेशनकडे नाही.

आता एमआरआय. धोक्याच्या खुणा नसताना पहिल्या सहा आठवड्यांत तो करू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि जगभरच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. कारण साधं आहे. ज्यांना अजिबात कंबरदुखी नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. केस पिकावेत तशा गाद्याही झिजतात. रिपोर्टमधला तो शब्द दुखण्याचं कारण असेलच असं नाही, पण तो एकदा वाचला की माणूस वाकायला भितो, आणि त्या भीतीनेच कंबर आणखी ताठरते.

पहिले सहा आठवडे गावातच

अंथरुणाला खिळून राहू नका. पहिले एक-दोन दिवस कळ जास्त असेल तर टेकावं, पण त्यानंतर घरात, अंगणात, गल्लीत चालणं सुरू करावं, रोज थोडं वाढवत न्यावं. चालताना थोडं दुखणं म्हणजे मणका बिघडणं नव्हे, हे डॉक्टरांनी तोंडाने सांगावं. या एका वाक्याचा उपयोग बऱ्याच गोळ्यांपेक्षा जास्त होतो. शेक घ्यायला हरकत नाही.

दुखण्याची गोळी कमीत कमी डोसमध्ये, कमीत कमी दिवस, जेवणानंतर. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार जातो. दिवसभर रानात घाम गाळून, पाणी कमी पिऊन डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीला धक्का बसतो. मेडिकलवरून ‘दुखण्याची पुडी’ सांगून घेऊ नका, तिच्यात काय आहे हे कुणी लिहून देत नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन कंबरदुखीवर सरसकट देणं चुकीचं आहे. त्याने शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि टीबी झाकला जातो. इंजेक्शन दिलंच तर त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पेशंटला नीट समजावून सांगणं आणि व्यायाम यांना जागा आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणं यांची शिफारस नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: पट्टा पहिल्या दिवशी मिळतो आणि फिजिओथेरपिस्ट शेवटी. जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात आणि काही ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय आहे. रोज जाणं जमणार नाही हे फिजिओथेरपिस्टला आधीच सांगा. एका भेटीत तीन-चार व्यायाम शिकून घ्या, मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला जा.

काम पूर्ण सोडायचं नाही, बदलायचं. कापूस वेचताना ओटी भरून जड होईपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. सोयाबीन काढताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभं राहून पाठ मागे ताणा. पाणी एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशांत, दोन्ही हातांत वाटून आणा. खतांच्या पोत्याला काही आठवडे दोघांनी हात लावा.

हाडवैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे जाणारे जातात, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण कमरेला हिसका देऊन घेणं, पाय बधिर असताना किंवा हाडं ठिसूळ असताना, धोक्याचं आहे. गेला असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

दोन आठवड्यांनी: कुणाला जास्त मदत लागणार?

पुन्हा दाखवायला यायचा दिवस बाजाराचा ठेवावा, तालुक्याला येणं तसंही होतं. या भेटीत दुखणं किती उरलं एवढंच विचारून भागत नाही. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाने नऊ प्रश्नांची एक चाळणी बनवली आहे आणि तिच्यावरचा अभ्यास २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दुखणं पायात उतरतं का, कपडे घालायला वेळ लागतो का, हालचाल करणं धोक्याचं वाटतं का, हे आता कधीच बरं होणार नाही असं मनात येतं का, आवडीच्या गोष्टी सुटल्या का, असे ते प्रश्न आहेत. नऊपैकी तीन किंवा त्याहून कमी गुण आले तर सल्ला आणि चालणं पुरतं. जास्त असतील तर फिजिओथेरपी, आणि भीती-चिंतेचे गुण जास्त असतील तर व्यायामाबरोबर मनाकडेही लक्ष द्यावं लागतं.

हा शेवटचा भाग मराठवाड्यात हलक्यात घेऊ नये. नापिकी, कर्ज, मुलीचं लग्न, डोक्यावरची उचल: हे सगळं ज्याच्या मनावर आहे त्याची कंबर लवकर सुटत नाही. त्याचं दुखणं खोटं नसतं. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारायला डॉक्टरांनी कचरू नये. तसं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला जोडून द्यावं. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

तज्ज्ञाकडे कधी आणि कुणाकडे

सहा आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ सहन होत नाही, किंवा ताकद कमी होतेय (यासाठी सहा आठवडे थांबायचं नाही): अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मणक्याचे सर्जन. पहाटेचा ताठरपणा असलेला तरुण: संधिवाततज्ज्ञ, ते जवळ नसतील तर फिजिशियन. टीबी किंवा ब्रुसेल्लाचा संशय: फिजिशियन आणि सर्जन दोघंही. थोडं चालल्यावर पाय भरून येणारा आणि खाली बसलं की बरं वाटणारा वयस्कर माणूस: मणक्यातली जागा अरुंद झाली आहे का हे बघण्यासाठी सर्जन, पण आधी पायाच्या नाडीचे ठोके लागतात का ते तपासा, रक्तपुरवठ्याचा आजारही असाच दिसतो.

गाडी करण्याआधी उपकेंद्रात जाऊन ई-संजीवनीवर बोलून घ्या. समुदाय आरोग्य अधिकारी तिथून डॉक्टरांशी व्हिडिओवर जोडून देतात. तज्ज्ञ उपलब्ध असेल तर वीस मिनिटांत कळतं की शहरात जायचं की नाही.

जायचंच ठरलं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय ही जुनी मोठी सरकारी ठिकाणं आहेत. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीतही अलीकडे सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. पण प्रत्येक ठिकाणी रोज मणक्याचा सर्जन असेल असं धरून निघू नका. ओपीडीचा वार आधी विचारा, तुमचे डॉक्टर हा फोन करू शकतात. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सार्वजनिक आरोग्य विभागात ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाची, तिथे ठरलेलं शुल्क पडतं. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, दाखल होण्याआधी त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. पैसे भरून मग योजना मागितली तर अडचण होते.

चिठ्ठी: सगळं काम इथे अडतं

‘ऑर्थोला रेफर’ एवढं लिहून पाठवलेला पेशंट म्हणजे रिकाम्या हाताने पाठवलेला पेशंट. चांगली चिठ्ठी अर्ध्या पानाची असते. नमुना देतो:

“वय ४२, पुरुष, ऊसतोड कामगार. आठ आठवड्यांपासून कंबर आणि उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ. लघवी-शौच ठीक, ताप नाही, वजन घटलेलं नाही. पहिल्या दिवशी उजव्या अंगठ्याची ताकद पूर्ण होती, आज कमी आहे. उजवा पाय सरळ वर उचलला की ४० अंशांवर दुखतो. शुगर नाही, बीपी नाही. नॅप्रोक्सेन दहा दिवस, फिजिओथेरपी चार भेटी. स्टिरॉइड दिलेलं नाही. ईएसआर १२. पुढच्या महिन्यात कामाला जाणं भाग आहे. प्रश्न: एमआरआय आणि ऑपरेशनचा विचार आता करावा का? नाही तर किती दिवस थांबावं आणि मी काय बघत राहावं? कृपया उत्तर पेशंटजवळ लिहून द्यावं. माझा फोन खाली आहे.”

यातला प्रश्न सर्वात महत्त्वाचा. प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि तज्ज्ञालाही कळतं की मागे कुणीतरी हा पेशंट सांभाळायला उभा आहे. त्याने पेशंटला विनाकारण दर महिन्याला शहरात बोलवायची गरज उरत नाही.

तज्ज्ञासमोर काय विचारायचं

बरोबर घरचं एक समजूतदार माणूस न्या. एमआरआयची फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नव्हे. मग हे विचारा: माझी लक्षणं आणि एमआरआयमधली जागा एकमेकांशी जुळते का? ऑपरेशन आत्ता नाही केलं तर काय होईल? ऑपरेशन पायाच्या कळेसाठी आहे की कमरेच्या दुखण्यासाठी? तिसरा प्रश्न विशेष, कारण गादी काढण्याचं ऑपरेशन पायातली कळ चांगली कमी करतं, नुसत्या कंबरदुखीवर त्याचा तसा भरवसा नाही.

गादी सरकून पायात कळ असलेल्या २८३ जणांवर नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. मात्र वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्यावं लागलं. म्हणजे ताकद जात नसेल, लघवी-शौच ठीक असेल, तर निर्णय तुमच्या कळेवर आणि तुमच्या कामावर आहे, घाईची सक्ती नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेण्यात कुणाचा अपमान नाही, पण ते घेताना पहिल्याचे कागद दाखवा.

बायकांची कंबर आणि गर्भाशय

कंबरदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं या दोन तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब आहे, काढून टाका’ असं सांगितल्याच्या किती तरी कहाण्या बीड जिल्ह्यात आहेत. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. वाकून वाकून दुखणारी कंबर पिशवी काढून थांबत नाही. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि पाठीचं नवं दुखणं मागे लागतं. पांढरं जाण्यावर आधी तपासणी आणि औषधं असतात. कमरेची तपासणी वर सांगितली तशीच, बाईची म्हणून वेगळी नाही. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी तो कागद घेऊन आपल्या पहिल्या डॉक्टरकडे परत या, आणि सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. हे मी आग्रहाने सांगतो.

परत आल्यावर आणि गाव सोडताना

तज्ज्ञाला दाखवून आल्यावर आठवड्याच्या आत पहिल्या डॉक्टरकडे फाइल न्या. जुन्या आणि नव्या गोळ्या एकत्र समोर ठेवा. दोन चिठ्ठ्यांवर एकच औषध दोन नावांनी असणं फार होतं. पुढचे व्यायाम, टाके, वजन उचलण्याची मुदत, परत कधी दाखवायचं, हे एका पानावर लिहून घ्या.

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीतून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तेव्हा हा सगळा धागा तुटतो. निघण्याआधी फाइलमधल्या प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलमध्येही ठेवा. आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढलं असेल तर क्रमांक जवळ असू द्या. डॉक्टरांकडून ‘मोळी वाहणं आणि गाडी भरणं सहा आठवडे बंद, तोडणी चालेल’ असं स्पष्ट लिहून घ्या. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, हे माहीत असूनही हे लिहितोय, कारण ‘आराम करा’ या दोन शब्दांनी टोळीत कुणालाच काही ठरवता येत नाही. कुठलं काम बंद आणि किती दिवस हे लिहिलेलं असेल तर जोडीदारांत कामाची वाटणी करायला निदान आधार मिळतो. फडावर धोक्याच्या खुणा दिसल्या तर गावी परतण्याची वाट न पाहता तिथल्याच सरकारी रुग्णालयात जा.

डॉक्टरांसाठी एक छोटी व्यवस्था

जवळच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाशी आणि एका फिजिओथेरपिस्टशी आठवड्यातली अर्ध्या तासाची वेळ ठरवून घ्या. पेशंटची परवानगी घेऊन, नाव झाकून, फोनवर तीन-चार केसेस बोलता येतात. फिल्मचा फोटो उजेडासमोर धरून नीट काढावा. आणि टेबलावर एक वही ठेवा, चार रकान्यांची: पाठवल्याची तारीख, कुणाकडे, काय विचारलं, काय उत्तर आलं. महिन्याच्या शेवटी वही उघडा. ज्याचा चौथा रकाना रिकामा आहे त्या पेशंटला फोन लावा, आणि फोन लागला नाही तर आशाताईंना त्याच्या घरी पाठवा.